ऑर्केस्ट्रातल्या सहकाऱ्याच्या डिप्रेशनची टिंगल होते. ग्रुपमधलं वातावरण कसं बदलू?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या सांगलीतल्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवणाऱ्या मुलाच्या बॅगेत डिप्रेशनच्या गोळ्या सापडल्या, तेव्हापासून पोरं त्याला 'येरवडा रिटर्न' म्हणतात, आणि तुम्ही एखाद्या समुपदेशकाचं व्याख्यान ठेवायच्या विचारात आहात. मी मिरजेचा. कीबोर्ड आणि पेटीवर पोट आहे. व्याख्यान ठेवा खुशाल, पण नंतर. आधी त्या मुलाच्या पुढच्या तारखा पक्क्या करा आणि तसं त्याला सांगा.

आपल्या धंद्यात लाजेच्या मागे सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, जायची भीती असते. पगार नाही, रजा नाही, लग्नसराईत एका फोनवर माणूस बदलला जातो. मिरजेच्या ज्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तो जवारीला (घोडी घासून आवाज सुधारायला) टाकून आपण सतारमेकर गल्लीत बाकावर बसतो ना, तिथे वाद्यांइतकीच माणसांचीही पारख चालते. "पोरगं वाजवतंय चांगलं, पण जरा डोक्याचं चाललंय त्याचं, बघून बोलवा." एवढं वाक्य पुरतं. पुढचा सीझन साफ. मग कोण कशाला तोंड उघडेल?

आणि हे मिरजेत! १८९४ साली वॉन्लेस हॉस्पिटल सुरू झालेलं गाव, कर्नाटकातून गाड्या भरभरून पेशंट येतात, हाडाचा, हृदयाचा, किडनीचा कुठलाही डॉक्टर असो, आम्ही कार्डं खिशात घेऊन फिरतो. फक्त मानसोपचारतज्ज्ञाचा बोर्ड दिसला की लोक रुमाल बांधून जिना चढतात, नाहीतर ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून कोल्हापूर गाठतात.

आता बाटलीचं बघा. कार्यक्रम संपला, साहित्य टेम्पोत चढलं, रात्रीचे दोन वाजलेत, ढाब्यावर गाडी थांबली. एकजण क्वार्टर काढतो. कुणी काही विचारत नाही, उलट "दमलाय बिचारा" म्हणून त्याच्यापुढे शेंगदाणे सरकवतात. त्याच टेबलावर दुसऱ्याने डॉक्टरने लिहून दिलेली गोळी पाण्याबरोबर घेतली की चार माना वळतात. झोप लागत नाही म्हणून पिणारा 'कलाकार माणूस' आणि त्याच कारणासाठी डॉक्टरकडे जाणारा 'मेंटल', हा हिशोब मला आजवर कळलेला नाही. ग्रुपमध्ये बोलायचं असेल तर इथून सुरुवात करा, कारण हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

आणखी दोन वाक्यं फार घात करतात. एक, "कलाकार म्हणजे थोडा सटकलेला असणारच." यात कौतुक आहे असं वाटतं, पण आजारी माणूस आजारी दिसेनासा होतो. दुसरं, "तुम्हाला कसलं टेन्शन, तुम्ही तर दिवसभर गाण्यात असता." ऐकणाऱ्याला गाणं विरंगुळा असेल, आपलं ते काम आहे. आषाढ-श्रावणात हात रिकामे, गणपतीपासून झोपेचं खोबरं. त्यात २०१९ च्या पुरात कुणाचं साहित्य भिजलं, मग करोनात कार्यक्रम बंद. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या 'हेल्प म्युझिशियन्स यूके' संस्थेच्या पाहणीत संगीतक्षेत्रातल्या २,२११ जणांनी उत्तरं दिली. ७१ टक्क्यांनी अँक्झायटी किंवा पॅनिक अटॅक आल्याचं सांगितलं, ६८.५ टक्क्यांनी डिप्रेशन अनुभवल्याचं. स्वतःहून उत्तर देणाऱ्यांची पाहणी ती, तेव्हा आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. पण कमाईचा भरवसा नसणं, कामाच्या वेळांचा पत्ता नसणं ही तिथली गाऱ्हाणी वाचताना मला आपल्या टेम्पोतल्याच गप्पा आठवल्या.

मग वातावरण बदलतं कशाने? मानसिक आजाराचा कलंक कमी करण्याच्या उपायांवर 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२२ चा अहवाल आहे. त्याचा निष्कर्ष असा की ज्याने हे भोगलंय अशा माणसाशी प्रत्यक्ष संपर्क येणं, हा सगळ्यात परिणामकारक मार्ग. माझा अनुभवही तोच. मला स्टेजवर पॅनिक अटॅक यायचे. अंतरा संपत आलेला, पुढचा पीस माझा, आणि बोटं गार, छातीत धडधड, कॉर्ड समोर असून दिसत नाही. उपचार घेतले. बरं वाटायला लागल्यावर एकदा जेवताना मी हे साध्या शब्दांत सांगितलं, बीपीच्या गोळीबद्दल सांगतात तसं. कुणी भाषण दिलं नाही, कुणी रडलं नाही. भात वाढून झाला. पण नंतर आमचा ऑक्टोपॅडवाला गाडीला टेकून हळूच म्हणाला, "दादा, त्या डॉक्टरांची फी किती असते?"

म्हणून तुमच्या ग्रुपमध्ये किंवा ओळखीत असा कुणी वयाने, मानाने मोठा वादक असेल आणि तो राजी असेल, तर त्याला बोलू द्या. त्या ढोलकीवाल्याला मात्र उभा करू नका. त्याचं त्याने कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तो ठरवील. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्कच दिलाय. तो कायदा डॉक्टर-दवाखान्यांना बांधतो, पण दुसऱ्याची बॅग न उचकण्याची रीत आपल्याला कायद्याने का शिकवावी?

कामाचं म्हणाल तर त्याला विचारा, "कुठल्या तारखा झेपतील?" परस्पर नाव कापू नका. एखादा कार्यक्रम नाही जमला तर बदली वादक घ्या, पण पुढची तारीख त्याचीच राहील हे बाकीच्यांसमोर बोला. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला काही गोळ्यांनी सुस्ती येते, काहींनी हात किंचित थरथरतो. ढोलकीवाल्याला ते लगेच जाणवतं आणि तो घाबरून गोळ्या बंद करतो. त्याला म्हणावं, डॉक्टरांना सांग की माझं काम रात्री एकपर्यंत असतं आणि बोटांवर असतं. ते वेळ किंवा औषध बदलून देऊ शकतात. आपल्या मनाने बंद करू नकोस.

निवेदकालाही गाठा. 'वेड्यांच्या इस्पितळा'वरचं स्किट अजून दर कार्यक्रमात टाळ्या घेतं, आणि मागे बसून त्याला ठेका द्यायचं काम तुमच्या ढोलकीवाल्याकडेच असतं. ते स्किट काढा. पंधरा मिनिटं भरायला दोन लावण्या वाढवा, पब्लिक तक्रार करणार नाही.

घरचे "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून देवऋषाकडे नेत असतील तर भांडू नका, पण औषध तुटू देऊ नका. पैशांची अडचण असेल तर सांगलीच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आणि तो कधी "आता नको वाटतंय सगळं" असं बोलला तर विषय बदलू नका. थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा फुकट नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. बुकिंगच्या नंबरांबरोबर तोही सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह करायला लावा.