चार एकरांसाठी ट्रॅक्टर घ्यावा का?

प्रश्न : काटोल तालुक्यात वडिलांच्या नावावर चार एकर काळी जमीन आहे. गेली बारा वर्षे ती मक्त्याने दिलेली होती. आता नोकरी सोडून येत्या खरिपापासून कपाशी, तूर आणि सोयाबीन स्वतः करायचे मी ठरवले आहे. हाताशी आठ लाख रुपये आहेत. विक्रेता ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरसह कर्जावर घ्या म्हणतो. विहीर आहे, पण पंप नाही. अवजारांची सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ट्रॅक्टरचा इसार देण्याआधी तुम्ही विचारलेत, हे फार बरे झाले. पहिली दोन वर्षे तरी ट्रॅक्टर घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. नांगरणी, वखरणी आणि पेरणी मिळून चार एकरांत ट्रॅक्टरला वर्षाकाठी चाळीस-पन्नास तासांहून अधिक काम मिळणे कठीण आहे. उरलेले सारे दिवस तो गोठ्याशेजारी उभा राहील आणि हप्ता मात्र पिकाची वाट न पाहता येत राहील.

भाड्याच्या ट्रॅक्टरची अडचण वेगळी आहे आणि ती आधीच समजून घ्यायला हवी. आपली काळी जमीन ओली असताना फाळाला चिकटते, सुकली की भेगाळते. मधल्या वाफशाच्या दोन-चार दिवसांतच चाड्यावर मूठ धरावी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत गावातल्या प्रत्येकाला ट्रॅक्टर हवा असतो. म्हणून नांगरणी उन्हाळ्यातच उरकून घ्या, आणि पेरणीसाठी गावातल्या ट्रॅक्टरवाल्याशी किंवा भाड्याने अवजारे देणाऱ्या जवळच्या अवजारे बँकेशी मे महिन्यातच बोलून, थोडी आगाऊ रक्कम देऊन ठेवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत मात्र शेजाऱ्याची तिफण चालू दिसली तरी आपली थांबवा. पहिल्याच सरीवर पेरून दुबार पेरणी ओढवली, तर बियाण्याचा खर्च दुप्पट होतो.

विकत काय घ्यावे, याची माझी कसोटी एवढीच की ज्या दिवशी तुम्हाला वस्तू हवी असेल त्या दिवशी शेजारीही ती देऊ शकणार नसेल, तर ती स्वतःची असावी. या कसोटीवर पहिला क्रमांक फवारणी पंपाचा लागतो. बॅटरीवर चालणारा १६ लिटरचा पंप घ्या, आणि एक नव्हे, दोन घ्या. माझ्या वावरात एका वर्षी टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून कपाशीवर कीटकनाशकासाठी वापरला गेला. आठवड्याभरात कोवळी पाने रुंदी हरवून बोटांसारखी लांब, चिरलेली निघू लागली आणि त्या ओळींना पुढे धड पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, लागल्याच नाहीत. कपाशी या औषधाला इतकी हळवी आहे की टाकीत राहिलेला अंशही पुरतो. म्हणून तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाने खूण करा आणि तो वेगळ्या जागी ठेवा. त्याबरोबरच हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा घ्यायचाच आहे. २०१७ साली विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. कपाशी छातीपर्यंत वाढली की औषध थेट तोंडावर येते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने कधीही फवारू नका.

विळे, फावडे, कुदळ, ताडपत्री आणि एका चाकाचे हातकोळपे एवढे घरचे असले म्हणजे पहिला हंगाम निघतो. बैलजोडी वर्षभर पोसण्यापेक्षा डवरणीपुरती, म्हणजे पिकाच्या ओळींमधले तण काढण्यापुरती, ठरवून घ्या. सोयाबीनची डवरणी फुलोऱ्यापूर्वी संपली पाहिजे, एवढे मात्र पाहा.

अनुदानाविषयी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना साधारण ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत अनुदान मिळते; पण महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती हाती येण्यापूर्वी अवजार खरेदी केले, तर ते मिळत नाही. सातबारा वडिलांच्या नावे असल्यामुळे शेतकरी ओळख क्रमांक आणि अर्जही त्यांच्याच नावाने करावे लागतील. मक्ता संपल्यावर ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत, नोंद बरोबर होते की नाही, तेही तपासा.

आता विहिरीवरच्या पंपाविषयी. मागेल त्याला सौर कृषी पंप या योजनेत अडीच ते पाच एकरांसाठी ५ अश्वशक्तीचा पंप मिळतो आणि सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्केच भरावे लागतात. त्याआधी विहिरीची परीक्षा घ्या. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शेजाऱ्याचे इंजिन लावून ती पूर्ण उपसा आणि पाणी मूळ रेषेपर्यंत चढायला किती तास लागतात, ते वहीत टिपून ठेवा. संत्र्याची बाग लावण्याचा विचार पुढे मनात आलाच, तर वहीतला तोच आकडा आधी पाहावा लागेल.