ओंटारिओत एसीचं काम आणि बंदिस्त बॉडीची गाडी

नमस्कार. तुमचा प्रश्न असा: पुण्यातलं एसी-रेफ्रिजरेशनचं काम आवरून कॅनडातल्या ओंटारिओत यायचं, आल्याबरोबर स्वतःचा धंदा सुरू करायचा आणि त्यासाठी आत उभं राहता येईल अशी, दोन्ही बाजूंना कप्पे असलेली बंदिस्त सर्व्हिस बॉडीची गाडी घ्यायची, तर कुठली घ्यावी? मी याच कामात आहे, टोरांटोजवळच्या मिसिसागा-ब्रॅम्प्टन भागात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली विनंती, आल्याबरोबर गाडीत पैसे अडकवू नका. आपला ट्रेड इथे 313ए या नावाने ओळखला जातो आणि त्याचं सर्टिफिकेट सक्तीचं आहे. पुण्यातला अनुभव स्किल्ड ट्रेड्स ओंटारिओ या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून तपासून घ्यायचा, मग परीक्षा. घर गरम करणाऱ्या गॅस भट्टीला हात लावायचा तर टीएसएसए या सुरक्षा संस्थेचं लायसन्स वेगळं. तोवर कुणाकडे तरी नोकरी करावी लागेल आणि अशा नोकरीत गाडी बहुधा कंपनीच देते. त्या काळात डोळे उघडे ठेवून बघा, की तुमचं काम नेमकं कुठल्या इमारतींत चाललंय.

सगळं त्यावरच अवलंबून आहे. टोरांटोतल्या उंच निवासी इमारतींची कामं घेणार असाल, तर गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये न्यावी लागते. तिथली मोकळी उंची बऱ्याच ठिकाणी जेमतेम दोन मीटर. माणूस आत ताठ उभा राहील अशी बॉडी तिथे शिरतच नाही. मग रस्त्यावर लांब गाडी लावून सिलिंडर ओढत न्यायचे. अशा कामाला कमी उंचीची व्हॅनच बरी. पण दुकानं, गोदामं, रेस्टॉरंटची कूलर-फ्रीझर, छतावरची मोठी युनिटं असं काम असेल, तर बंदिस्त बॉडीला तोड नाही. उणे पंधरामध्ये आत हीटर लावून, दार ओढून घेऊन फिटिंग जुळवता येतं. कॉइल क्लीनर गोठत नाही, मीटरच्या बॅटऱ्या मान टाकत नाहीत.

आता वजन. पुण्यात छोटा हत्ती असेल तर मावेल तेवढं भरायची सवय असते, इथे ती चालत नाही. एक उदाहरण घ्या. दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर कमाल वजन 4,500 किलो. चासी आणि केबिन मिळून 2,900, पोलादी बॉडी 900, दोन माणसं 180. उरले 520. त्यात शेल्फ, हीटर, टपावरचं शिडीचं रॅक यांचे दीडशे धरा. हत्यारं, सिलिंडर, मोटारी, कम्प्रेसर या सगळ्याला मिळून 370 किलो! चासी मोठी घेतली तर जागा मिळते, पण रजिस्टर केलेलं किंवा प्रत्यक्ष वजन 4,500 च्या वर गेलं की सीव्हीओआर हे ऑपरेटर सर्टिफिकेट, वर्षाची तपासणी, रोजची पाहणी हे सगळं मागे लागतं. अवघड नाही, पण एकट्या माणसाला वेळ खाणारं. म्हणून मी ॲल्युमिनियमच्या बॉडीकडे झुकतो. महाग असते, पण वजनात पुष्कळ हलकी. शिवाय इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते पोलादाच्या कडा आणि बिजागऱ्या खातं. फक्त ॲल्युमिनियम आणि चासीचं पोलाद यांच्यामध्ये रबरी किंवा प्लास्टिकची पट्टी आहे ना, ते वाकून बघा. नाहीतर दोन धातू टेकतात तिथेच खार धरतो.

लांबीचं सांगतो. केबिनच्या मागच्या बाजूपासून मागच्या ॲक्सलपर्यंत 60 इंच असतील तर साधारण 9 फुटी बॉडी बसते, 84 असतील तर 11 फुटी. विजेच्या कामाचे कॉन्ड्युट, म्हणजे तारा ओवायच्या नळ्या, 10 फुटी येतात, तांब्याचे सरळ पाइपही 10 फूट नि त्याहून लांब. 9 फुटीत ते आत सरळ राहत नाहीत, टपावर बंद नळी बसवून घ्यावी लागते.

ब्रेझिंगच्या, म्हणजे तांब्याचे पाइप ज्योतीने जोडायच्या सेटबद्दल मात्र अजिबात तडजोड नको. बंद बॉडीत त्यातला ॲसिटिलीन गॅस झिरपला तर हीटरची किंवा दिव्याच्या बटणाची एक ठिणगी पुरते. सिलिंडरचा कप्पा असा हवा की दार फक्त बाहेरून, आतल्या बाजूने पूर्ण सीलबंद आणि हवा बाहेर जायला जाळी वरही, खालीही. ॲसिटिलीन हवेपेक्षा किंचित हलकं, वर जातं. आर-32 आणि आर-454बी हे एसीत भरायचे नवे गॅस थोडे ज्वलनशील आणि जड, ते तळाशी साचतात. सिलिंडर उभे, साखळीने बांधलेले, रेग्युलेटर काढून टोपी घातलेली. विकणारा म्हणाला, „खिडकी उघडी ठेवली की झालं,” तर त्याच्याकडून बॉडी घेऊ नका.

कप्पे लावताना रोजचा माल उजव्या बाजूला ठेवा. इथे गाड्या उजवीकडून चालतात, फुटपाथ उजव्या हाताला येतो. डावीकडचं दार उघडलंत की पाठीशी वाहतूक धावत असते. घरासमोर गाडी लावणार असाल तर महापालिकेला आधी विचारा, वस्तीत धंद्याच्या गाडीच्या उंची-लांबीवर मर्यादा असते. विमा धंद्याचाच लागतो, घरगुती पॉलिसी चालत नाही.

जुनी बॉडी मिळाली तर नाक मुरडू नका. मापं जुळत असतील तर चांगली बॉडी दुसऱ्या चासीवर चढवता येते. पसंत पडलेल्या गाडीच्या दारावरच्या लेबलचा फोटो आणि तुमच्या हत्यारांची यादी पाठवा, वजनाची बेरीज मी करून देतो.