सायकलला लाल सिग्नल लागू होतो का? आणि पुढचा ब्रेक दाबला की खरंच तोंडावर पडतो का?

तुम्ही मानपाड्याहून ठाणे स्टेशनपर्यंत रोज सायकलने जायचं ठरवलंय. तुमचे दोन प्रश्न आहेत: सायकलवाल्याला सिग्नल पाळावाच लागतो का, आणि ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील’ असं घरचे सांगतात ते खरं का. मी सात वर्षं वसंतविहारहून वागळे इस्टेटला सायकलने कामावर जातो. आधी ब्रेकचं सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे.

पहिल्याच पावसाळ्यात वर्तकनगरजवळ माझ्यापुढच्या रिक्षाने हात दाखवणाऱ्या बाईंसाठी एकदम डावीकडे घेतलं आणि ती थांबली. लहानपणापासून मला फक्त मागचा ब्रेक दाबायची सवय. मागचं चाक जाम झालं, सायकल आडवी फिरली आणि मी रिक्षाच्या मागच्या बाजूवर आदळलो. मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं. नंतर सायकल दुरुस्त करून देणाऱ्या काकांनी ब्रेक तपासले आणि म्हणाले, “दादा, पुढचा रबर तर नवा कोरा आहे. तुम्ही तो वापरतच नाही.”

ब्रेक लागला की सगळा भार पुढे सरकतो. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं, आणि हलकं चाक पकड सोडून घसरतं. म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. ताशी २० किलोमीटरने जाताना तुम्ही एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाता. समोरचं पाहून बोटं दाबेपर्यंत तेवढं अंतर संपलेलंच असतं. त्यानंतर कोरड्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लावले तर साधारण ३ मीटरमध्ये थांबता येतं, नुसता मागचा लावला तर ६ मीटर लागतात. वेग ३० असेल तर तेच आकडे ७ आणि १४ होतात. गर्दीच्या वेळी कापूरबावडीला पुढच्या गाडीपासून तेवढी जागा मिळते का, ते तुम्हीच आठवून पाहा.

घरच्यांची भीती खोटी नाही. घाबरून पुढची लिव्हर एकदम आवळली आणि हात सैल असले, तर सायकल थांबते पण अंग पुढे जात राहतं. त्यावर उपाय म्हणजे सराव. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये जा. सायकल हाताने ढकलत एकेक लिव्हर दाबून कुठली पुढची ते आधी पक्कं करा, कारण सगळ्या सायकलींवर ती एकाच हाताला नसते. मग हळू वेगात दोन्ही लिव्हर क्रमाक्रमाने घट्ट करत न्या. त्याच वेळी सीटवर मागे सरका आणि हात हँडलवर टेकून ताठ ठेवा. मागचं चाक घसरायला किंवा उचलायला लागलं, की पुढची लिव्हर थोडी सैल सोडायची. हे बोटांना आपोआप जमेपर्यंत करत राहा. मला चार रविवार लागले.

पावसात हिशोब बदलतो. रिमवर दाबणारे रबर असतील तर आधी पाणी पुसलं जातं, पकड मग येते. चाकाचे एक-दोन फेरे त्यातच जातात. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं यांवर ब्रेक लावूच नका. पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही, म्हणून अशा जागेच्या आधीच वेग उतरवा. वळणाचंही तेच. येऊरहून उपवनकडे उतरताना मी वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच ब्रेक लावतो.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि साधी पायडलची सायकल त्यात मोटार वाहन धरलेली नाही. म्हणून लायसन्स, नंबर प्लेट, विमा यातलं काही लागत नाही. पण यावरून बरेच जण ‘सायकलला नियमच नाही’ असं धरून चालतात, ते चूक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मध्ये ‘वाहन’ या शब्दात सायकल स्पष्टपणे धरली आहे. कलम ९९ प्रमाणे वाहनाने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच जायचं. कलम ३३ प्रमाणे सायकल चालवणाऱ्यांसह सगळ्या वाहतुकीसाठी नियम करायचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकारपणे वाहन चालवून लोकांच्या जिवाला धोका निर्माण केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ते कलम कुठल्याही वाहनाला लागू आहे. हेल्मेटची सक्ती सायकलला नाही. मी तरी ते घातल्याशिवाय निघत नाही.

म्हणून सिग्नलला थांबा. ई-चलन येणार नाही म्हणून पुढे जाऊ नका. माजिवड्याला आपला सिग्नल लाल असतो तेव्हा आडव्या बाजूने ट्रक सुटलेले असतात, आणि त्या ड्रायव्हरच्या हिशोबात तुम्ही तिथे नसताच. उलट दिशेने जायचा मोहही टाळा. सर्व्हिस रोडवर वळसा वाचवायला अनेक जण तसे जातात, पण गल्लीतून बाहेर पडणारा चालक फक्त उजवीकडे बघत असतो.

रोजच्या रस्त्यावर आणखी दोन गोष्टी पाळा. उभ्या गाड्यांपासून एक मीटर लांब राहा, दार कधीही उघडतं. आणि टीएमटीची बस थांब्याकडे वळत असेल तर तिच्या डावीकडून घुसू नका, मागे थांबा.

रोज निघताना दोन्ही लिव्हर पूर्ण दाबून बघा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर त्या दिवशी रिक्षाने जा आणि संध्याकाळी ब्रेकची वायर ताणून घ्या.