सई काय, सखू काय!

राजारामपुरीतून एका ताईंनी विचारलंय. मुलीचं नाव 'सई' ठेवायचं पहिल्यापासून मनात होतं. पण दोन महिन्यांपूर्वी जाऊबाईंना मुलगी झाली आणि त्यांनी तेच ठेवलं. एका घरात दोन सया कशा? तर 'त्याच फुलाच्या अर्थाचं' दुसरं नाव सुचवा.

कुठलं फूल? सई नावाचं फूल नसतंय हो! असतं ते सायलीचं. नावांच्या याद्या करणाऱ्या कुणीतरी सायलीची सई केली आणि आता प्रत्येक बारशात हेच ऐकायचं.

सई म्हणजे मैत्रीण. संस्कृतात सखी, प्राकृतात सही, मराठीत सई. 'लिख्'चं लिहिणं झालं तसंच हे. (कागदावरची सही वेगळी, ती अरबीतून आली. आमची आजी पेन्शनच्या कागदावर 'सई' करायची, तेवढाच काय तो घोटाळा.) हालाच्या गाथासप्तशतीत, म्हणजे प्राकृत कवितांच्या जुन्या संग्रहात, नायिका मनातलं सांगताना जिला 'सहि' म्हणून हाक मारते, ती हीच. जात्यावरच्या ओवीत तिची 'सये' झाली, पंचमीच्या फेरात 'सयांनो'.

आणि सखू? तीही तीच! सखीला लाडाचा ऊ लावला की झाली सखू, कऱ्हाडच्या संत सखूबाईंची. उलट संस्कृतला जवळची सखूच. झिजत झिजत आली ती सई. पण सखू गावठी आणि सई मॉडर्न! अहो, शिवाजी महाराजांच्या राणीसाहेब सईबाई 1659 साली राजगडावर वारल्या, एवढं ते 'मॉडर्न'. माझ्या आत्तीचं नाव सखू. लग्नात ते बदलून सुरेखा केलं. पण माहेरी आली, की उंबऱ्यातच तिला कुणीतरी 'सखे' म्हणायचं आणि ती हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी हसायची.

ओळखीचे एक संस्कृतचे निवृत्त मास्तर छातीठोक सांगतात, की सई आली 'सती'वरून. आवाजाच्या नियमात बसतं, मान्य. पण दळताना 'सये, जरा खुंटा धर गं' असं सतीला कोण म्हणतंय? मास्तर जात्यावर कधी बसलेले दिसत नाहीत.

हां, पर्याय राहिलाच. संस्कृतात सखीला 'आली'ही म्हणतात. पण तुम्ही हाक मारली, की शेजारीण विचारणार, कोण आली? 'वयस्या' म्हणजेही मैत्रीणच, पण बारशातच पोर म्हातारी वाटायची. माझं मत 'सय'ला. स्मृतीवरून झिजून आलेला, आठवण या अर्थाचा आपला जुना शब्द. फक्त स्वयंपाकघरातून हाक गेली की सई आणि सय दोघी पळत येतील, एवढं धरून चाला. ते नको असेल, तर सखू आहेच.