शेजारच्या लेनमधला मुलगा

प्रिय,

तुझी कथा वाचली. गुहागरच्या पुळणीवरचा सराव झकास उतरलाय. ओहोटीनंतरची ओली वाळू पायाला कशी धरते आणि सुरुबनाकडची भुसभुशीत वाळू पोटऱ्यांतला जीव कसा काढते, हे धावणाऱ्यालाच लिहिता येतं. पण जिल्ह्याच्या फायनलला तुझा नायक जिंकतो आणि कथा तिथेच बसते. तो जिंकणार हे मला दुसऱ्याच परिच्छेदात कळलं होतं.

जॅक्सन शोल्झचं नाव तुला ठाऊक असायला हवं. हा अमेरिकन धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०० मीटर २१.६ सेकंदांत जिंकला. १०० मीटरला हॅरल्ड अब्राहम्सच्या मागे दुसरा आला. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०० मीटरला तिसऱ्या जागेसाठी त्याची जर्मनीच्या हेल्मुट कॉर्निगशी बरोबरी झाली. पुन्हा धावून निकाल लावायचा होता. शोल्झने नकार दिला आणि कांस्य कॉर्निगला गेलं. पुढे हाच माणूस मासिकांतून खेळांच्या कथा लिहू लागला, मुलांसाठी तीसेक पुस्तकं लिहिली.

मला विचारशील तर त्याच्या सुवर्णपदकापेक्षा तो नकार कथेच्या कामाचा. नाही म्हणताना त्याने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं असेल की कॉर्निगकडे? नोंदवहीत हे सापडत नाही, म्हणूनच ते लेखकाचं.

शर्यत सुटण्याआधीचा वेळही तू गाळला आहेस. शोल्झच्या त्या शर्यतींत स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. धावपटू छोट्या थापीने ट्रॅकमध्ये पायांपुरते खड्डे खणत. सड्यावरच्या मैदानात आपली अनवाणी पोरं अंगठ्याने लाल माती उकरून पाय रोवतात ना, तसंच. फक्कीच्या रेषेला बोटं टेकलेली, गुडघ्याला जांभ्याचे खडे रुततायत, शिट्टी अजून वाजत नाही. इथे हात आखडू नकोस. एक पान गेलं तरी चालेल.

आणि शेजारच्या लेनमधला तो खलाशाचा मुलगा! मागून आणलेले स्पाइक्स, एक नंबर लहान, आत बोटं दुमडलेली. एवढं तूच लिहिलंस आणि पुढच्याच ओळीत त्याला सोडून दिलंस. मला तर सगळा वेळ तोच दिसत होता.

दिवाळी अंकाला पाठवायची घाई नको. ही शर्यत आधी त्याच्या बाजूने लिहून काढ. शेवटी कोण पुढे येतं ते लिहायला बसण्याआधी ठरवू नकोस. झाली की मला पाठव, मी वाट पाहतोय. आणि सकाळचा सराव चुकवू नकोस.

तुझे,
सर