फरारी, वाळीत टाकलेले आणि ओवाळून टाकलेले

प्रश्न असा आहे : 'द डेव्हिल्स रिजेक्ट्स' या भयपटाबद्दल मराठीत लिहायचंय. त्यातल्या खुनी कुटुंबाला 'आउटलॉ' म्हणतात, त्याला 'दरोडेखोर' म्हणावं की 'फरारी'? आणि नावातल्या 'रिजेक्ट्स'चं काय करावं?

'दरोडेखोर' नकोच. दरोडा लुटीसाठी पडतो. ही मंडळी मारण्यासाठीच मारतात. 'बंडखोर' तर हल्ली तिकीट न मिळालेल्या उमेदवारांनी बळकावलाय. 'पुंड' मला आवडतो, पण त्याला बखरीचा वास येतो. टेक्सासमधल्या शेरीफच्या तोंडी 'पुंड' घातला की तो डोक्याला पागोटं बांधूनच उभा राहील.

राहिला 'फरारी'. कथेपुरता तो बसतो. दिग्दर्शक रॉब झॉम्बीच्या २००३ च्या चित्रपटाचा हा २००५ मधला पुढचा भाग. काळ १९७८. शेरीफ वायडेल फायरफ्लाय कुटुंबाच्या घरावर छापा घालतो. आई हाती लागते, कुटुंबातले ओटिस आणि बेबी निसटतात, पुढे त्यांना बेबीचा बाप, विदूषकाचा रंग फासलेला कॅप्टन स्पॉल्डिंग येऊन मिळतो. (ओटिस ड्रिफ्टवुड, स्पॉल्डिंग, फायरफ्लाय ही सगळी नावं जुना अमेरिकी विनोदी नट ग्राउचो मार्क्सच्या पात्रांची आहेत. एवढ्या रक्तपातात हा चावटपणा!) तेव्हा 'आरोपी फरार आहेत', 'फरारी कुटुंब' हे व्याकरणानेही ठीक आणि अर्थानेही. मात्र 'फरारी' एवढंच सांगतो की माणूस पळाला. कायद्याने त्याचं काय केलं, हे 'आउटलॉ' सांगतो.

जुन्या इंग्लंडात बोलावूनही जो न्यायालयापुढे आला नाही, त्याला 'आउटलॉ' जाहीर करत. म्हणजे कायद्याने त्याच्यावरचं छत्रच काढून घेतलं. त्याच्या डोक्याला 'लांडग्याचं डोकं' म्हणत : लांडगा दिसला की मारावा, तसं. फौजदारी कायद्यातली ही तरतूद तिथे अगदी १९३८ पर्यंत कागदावर होती. आपला 'तडीपार' दिसतो सख्खा, पण आहे लांबचा. तड म्हणजे काठ. तडीपार गुंडाला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर काढतात, तेही फार तर दोन वर्षं, आणि बाहेर त्याला कोणी हात लावला तर गुन्हा नोंदवला जातो. 'वाळीत टाकणं' भावनेने जास्त जवळचं : व्यवहार बंद, बोलणं बंद. पण वाळीत गाव टाकतं, न्यायालय नव्हे. उलट २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात वाळीत टाकणं हाच गुन्हा ठरला. थोडक्यात, नेमका एकशब्दी पर्याय आपल्याकडे नाही, आणि तो घडवायचा अट्टहासही नको. 'कायद्याने वाऱ्यावर सोडलेले' असं फोडून लिहा. चित्रपटालाही ते शोभतं, कारण भावाच्या खुनाने पेटलेला वायडेल पुढे पुढे अटकेच्या भानगडीत पडतच नाही. पकडलेल्या आईला तो स्वतःच भोसकतो.

नावासाठी मात्र मराठीत घरचाच हुकमी शब्द आहे : 'ओवाळून टाकलेला'. नवी नवरी किंवा बाळ-बाळंतीण उंबऱ्याशी आली की भाकरतुकडा त्यांच्यावरून ओवाळून बाहेर टाकतात. ज्या क्षणी तो ओवाळला, त्या क्षणी तो अन्न राहिला नाही. घरातलं कोणी तो उचलणार नाही. इडापिडा त्याच्यासोबत गेली. म्हणून वाया गेलेल्या माणसाबद्दल 'तो ओवाळून टाकलेला आहे' म्हणतात, तेव्हा त्यात 'नाकारलेला' याच्या दसपट तिरस्कार असतो. 'सैतानाने नाकारलेले' म्हटलं तर नोकरीचा अर्ज परत आल्यासारखं वाटतं. 'सैतानानेही ओवाळून टाकलेले' म्हणा, आणि तो 'ही' गाळू नका.

फक्त विभक्ती सांभाळा. 'सैतानावरून ओवाळून टाकलेले' लिहिलंत, तर कोणीतरी सैतानाची दृष्ट काढली असा अर्थ होईल. 'जीव ओवाळून टाकला' यातला लाडही मग त्यात डोकावेल आणि ओटिस-बेबी सैतानाचे भक्त ठरतील.