एकेक सूर बरोबर, जोडी मात्र कणसूर

"माझा कानच कच्चा आहे, ताई. आता तो काही सुधारायचा नाही." बसता बसताच तिने सांगून टाकलं. वय वीस, व्हायोलिनचं अकरावं वर्ष. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) चार महिने डबल स्टॉप, म्हणजे दोन तारांवर एकदम दोन सूर वाजवणं, अडले होते. एका तारेवर हात सुरेख चालायचा, दोन तारा एकदम आल्या की कणसूर. रोज तीन तास तीच ओळ, आणि आता डाव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागलेलं. वाद्य सोडावं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

व्हायोलिन वाजवणारे माझ्याकडे येतात तेव्हा ही तक्रार वारंवार ऐकू येते. मी स्वतः वाजवते, म्हणून अशा वेळी प्रश्न कमी विचारते आणि वाद्य घेऊन यायला सांगते.

पुढच्या भेटीत तिने व्हायोलिनसोबत ट्यूनर, म्हणजे सूर बरोबर लागलाय का ते दाखवणारं यंत्रही आणलं. सरावाची पद्धत अशी: जोडीतला एकेक सूर ट्यूनरवर तपासायचा, मग दोन्ही एकत्र वाजवायचे. एकत्र वाजवले की ते भांडायचे. ट्यूनर बरोबर म्हणतोय, म्हणजे चूक कानाची, असा तिचा हिशोब.

व्हायोलिनच्या तारा खालून वर जी, डी, ए, ई या पाश्चात्त्य सुरांच्या. मी तिला डी तारेवर पहिल्या बोटाने ई लावायला सांगितला आणि सोबत मोकळी, म्हणजे बोट न ठेवलेली, ए तार. सूर स्वच्छ मिळाला. "आता बोट तसूभरही न हलवता मोकळ्या जी तारेबरोबर वाजव." तिचा चेहरा लगेच आक्रसला.

बोट तेच, जागा तीच. पण ए सेकंदाला 440 कंपनांचा धरला आणि तारा शुद्ध पंचमात (सा-प च्या अंतरावर) जुळवल्या, तर ए तारेशी जुळणारा ई 330 कंपनांचा असतो आणि जी तारेशी जुळणारा साधारण 326 चा. या चार कंपनांचा फरक तिला टोचत होता. ट्यूनरला हे कळत नाही, तो एका वेळी एकच सूर मोजतो.

"म्हणजे मला जे खटकत होतं ते खरंच होतं?"

खरंच होतं. तिचा कान चांगला नसता, तर तिला चार महिने त्रासच झाला नसता. हे मी तिला दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तिने ते ऐकून घेतलं नाही. इतके दिवस स्वतःला दोष दिल्यावर असं होतं.

अंगठ्याचं दुखणं मात्र हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. सूर जुळेना म्हणून ती बोटं जोरात दाबत होती आणि खालून अंगठा तितक्याच जोराने व्हायोलिनची मान आवळत होता. थर्ड्समध्ये, म्हणजे सा-ग सारख्या अंतराच्या जोड्यांमध्ये, पहिलं बोट वरच्या तारेवर आणि तिसरं खालच्या, त्यामुळे हात आधीच अवघड वळतो. आवळलेल्या हाताला बोट केसभर सरकवता येत नाही, आणि इथे नेमकं तेच करायचं असतं. दुखतंय तोवर थर्ड्स बंद ठेवायला सांगितले आणि डॉक्टरांना दाखवायलाही.

मग सराव बदलला. आधी फक्त गज. चार तारांना गजाच्या सात पातळ्या असतात, चार एकेरी आणि तीन जोड्यांच्या. तिचा गज जोडीतल्या खालच्या तारेवर जास्त रेलत होता, त्यामुळे वरचा सूर नीट ऐकूच येत नव्हता. नंतर डाव्या हाताने दोन्ही बोटं ठेवायची, पण गज एकाच तारेवर, मग दुसऱ्या. बोट आधी नुसतं टेकवायचं आणि सूर स्वच्छ होईल इतकाच भार द्यायचा. एका वेळी दहा मिनिटं, की हात खाली.

तीन तासांवरून दहा मिनिटांवर यायची तिला भीती वाटली. ती मी मोडून काढली नाही. "दोन आठवडे करून बघ," इतकंच म्हटलं.

तार्तिनीचा 'तिसरा सूर'ही सांगितला. अठराव्या शतकातल्या या व्हायोलिनवादकाने टिपून ठेवलं आहे की दोन सूर नेमके मिळाले की त्यांच्या खाली एक न वाजवलेला सूर गुणगुणू लागतो. जी आणि ई च्या जोडीखाली तो सी असतो.

चौथ्या भेटीपर्यंत थर्ड्सचा प्रश्न काही सुटला नव्हता. अंगठा शांत होता, ट्यूनर घरी होता. तिने जी तार आणि ई एकत्र धरले, बोट किंचित मागे घेतलं आणि थबकली. "खालचा आला. तुम्हाला ऐकू येतोय?"

मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, मला नाही आला. तसं सांगितलंही. तिने गज न थांबवता मान हलवली आणि त्या सुरावरच राहिली.